खडकातल्या फटी आणि आंधळे भुंगेरे



ठाण्यातल्या मानपाड्याचं नाव सध्या वर्तमानपत्रांत येतं ते बोगद्यामुळे. इथल्या टिकुजिनीवाडीपाशी जमिनीत शिरायचं आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून थेट बोरिवलीच्या मागाठाण्यात बाहेर पडायचं, असा हा जुळा बोगदा. पूर्ण मार्ग पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, त्यातले सव्वादहा किलोमीटर जमिनीखाली. भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झालं. घोडबंदर रस्त्याची कोंडी सुटणार का, झाडं किती जाणार, बिबट्याचं काय, डोंगरातल्या पाड्यांवरच्या माणसांचं काय, हे प्रश्न त्यावरून विचारले गेले आणि ते रास्तच आहेत. मात्र हे सगळे प्रश्न जमिनीच्या वरचे आहेत. ज्या खडकातून यंत्र जाणार त्या खडकात कोणी राहतं का, असा प्रश्न फारसा कानावर येत नाही. खडक म्हटला की तो निर्जीव, हे आपण धरूनच चालतो. गुहेत राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा जवळजवळ दोनशे वर्षांचा शास्त्रीय अभ्यास या गृहीतकाला धक्का देतो, आणि तो धक्का चुनखडीच्या युरोपापुरता नाही, आपल्या काळ्या पाषाणालाही लागू पडतो, असं मला आज मांडायचं आहे. बोगदा हवा की नको, हा माझा विषय नाही.

आरंभ मात्र युरोपातूनच करावा लागतो. १८३१ साली आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत दिवे लावण्याचं काम करणाऱ्या लुका चेच या माणसाला एक विचित्र किडा दिसला. १८३२ मध्ये फर्डिनांड श्मिट याने त्याचं वर्णन छापलं आणि लेप्टोडायरस हे नाव दिलं. गुहेत जन्मून गुहेतच मरणारा, शास्त्राच्या दप्तरात नोंदला गेलेला हा पहिला भुंगेरा. त्याच्याकडे नीट पाहण्यासारखं आहे. लांबी सेंटीमीटरभर, रंग तांबूस तपकिरी आणि असा पातळ की उजेडात धरलं तर आरपार दिसल्याचा भास व्हावा. डोकं आणि मान काडीसारखी, आणि मागे एकदम फुगीर घुमट. हा घुमट म्हणजे एकमेकांना चिकटून गेलेली पंखकवचं. त्यांच्याखाली उडायचे पंख नाहीत, आहे ती कोंडलेली ओलसर हवा. पाय आणि मिशा शरीराच्या मानाने अवाजवी लांब. डोळे नाहीत. पहिल्या नजरेला कोणी त्याला मुंगळाच म्हणेल. दिवे लावणाऱ्या कामगाराला जे दिसलं ते त्या गुहेत हिंडून गेलेल्या विद्वानांना दिसलं नव्हतं, हेही लक्षात ठेवावं. या शास्त्राच्या इतिहासात असं पुन्हापुन्हा घडलेलं आहे.

गुहेतल्या या आंधळ्या प्राण्यांनी डार्विनला बराच विचार करायला लावला. १८५९ च्या ग्रंथात त्याने दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या. एक, डोळे गेले ते न वापरल्यामुळे. दोन, केंटकीच्या गुहांमधले प्राणी अमेरिकेतल्या उघड्यावरच्या प्राण्यांचे नातलग दिसतात आणि युरोपच्या गुहांमधले युरोपातल्या प्राण्यांचे; गुहा मात्र दोन्हीकडे सारख्याच अंधाऱ्या आणि ओल्या. सृष्टीकर्त्याने गुहांसाठी म्हणून प्राणी घडवले असते तर सारख्या गुहांत सारखे प्राणी भेटायला हवे होते. दुसरा मुद्दा आजही खणखणीत आहे. पहिला तसा राहिला नाही. न वापरलेला अवयव पिढीगणिक झिजतो आणि ती झीज वारशाने उतरते, हे आनुवंशिकीने मोडीत काढलं. आता विचार असा होतो की अंधारात डोळा बिघडवणारे बदल गाळले जात नाहीत, म्हणून ते साठत जातात; शिवाय डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग पोसायला अन्न लागतं, आणि उपासमारीच्या जागी ती चैन परवडत नाही. यांतलं कोणतं कारण किती, यावर अजून भांडणं आहेत. पण भुंगेऱ्यांनी या भांडणात एक चांगला पुरावा दिला. केंटकीच्या मॅमथ केव्हमधला टोमॅफॅगस हिर्टस हा भुंगेरा आंधळाच मानला जात असे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या डोक्यात प्रकाश ओळखणारी जनुकं चालू अवस्थेत सापडली, आणि प्रयोगात हे भुंगेरे उजेड टाळून अंधाराकडे वळले. म्हणजे डोळा आक्रसून नावापुरता उरला, तरी उजेड कळण्याची सोय शिल्लक आहे, आणि ती कामाची असावी. गुहेच्या तोंडाकडे भरकटलेल्या किड्याला मागे फिरवायला तेवढं पुरतं. कोणी आंधळा आहे म्हणून त्याच्या शरीरातला डोळ्याशी संबंधित सगळा कारभार एकाच दिवशी बंद झाला, असं होत नाही.

डोळ्यांची चर्चा फार होते. माझ्या मते याहून खोल पुरावा त्यांच्या बाळंतपणात आहे. फ्रान्समध्ये सिल्व्ही दलरान्स या संशोधक बाईंनी विसाव्या शतकाच्या मध्याला पिरेनीजमधले गुहावासी भुंगेरे भूमिगत प्रयोगशाळेत वाढवले. उघड्यावर राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांची मादी पुष्कळ छोटी अंडी घालते. अळी खात सुटते, तीनदा वाढीचा टप्पा ओलांडते आणि मग कोषात जाते. पूर्ण गुहावासी स्पिओनोमसची मादी एका वेळी एकच अंडं घालते, तिच्या देहाच्या मानाने भलं मोठं. त्यातून निघालेली अळी काहीच खात नाही. थोडी हिंडते, ओल्या मातीची बंद कोठडी स्वतःभोवती बांधते, त्यात महिनोन् महिने पडून राहते आणि तिथेच कोषात जाते. आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर सगळं बालपण निभतं. असा प्राणी पावसापाण्याला आडोशाला म्हणून गुहेत शिरलेला नसतो. त्याचं सगळं आयुष्यच कमी अन्न, स्थिर तापमान आणि दमट हवा यांवर बेतलेलं असतं. कोरड्या हवेत तो लवकरच गळाठतो. आणि याच प्राण्यांच्या जनुकांवरून २०१० मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात पिरेनीजमधल्या या घराण्याने जमिनीखालचा मुक्काम तीन कोटी वर्षांहून आधी धरला असल्याचं दिसलं. तेवढ्या काळात त्याच्या अनेक शाखा फुटल्या. अंधारात शिरलेलं कूळ तिथेच खुंटतं, ही जुनी समजूत त्यामुळे टिकत नाही.

आता या अभ्यासाला ज्यांनी शिस्त लावली त्यांच्याकडे येऊ. रुमानियाचा एमिल राकोवित्सा अंटार्क्टिकच्या मोहिमेवर जाऊन आलेला समुद्री प्राण्यांचा अभ्यासक होता. १९०४ साली मायोर्काच्या गुहेत त्याला एक पांढरा जलचर मिळाला आणि त्याने समुद्र सोडला. १९०७ मध्ये गुहाजीवशास्त्राचा आराखडा मांडणारा त्याचा निबंध आला. १९२० मध्ये क्लुज शहरात जगातली पहिली गुहाविज्ञान संस्था त्याने काढली. त्याचा सहकारी रने झानेल हा भुंगेऱ्यांचा महापंडित. गुहेतले भुंगेरे म्हणजे हिमयुगाचे निर्वासित, असं जे चित्र पाठ्यपुस्तकांत रुजलं त्यात झानेलचा हात मोठा. थंड, ओल्या जंगलातल्या पालापाचोळ्यात राहणारे किडे. हवामान बदललं, जंगलं हटली, आणि ज्यांना ओल हवी होती ते जमिनीत उतरले. युरोपात हे चित्र पुष्कळ ठिकाणी पटतंही. तिथली भुंगेऱ्यांची एक टोळी, लेप्टोडिरिनी, नऊशेच्या आसपास प्रजातींची आहे आणि तिचा बहुतांश जमिनीखाली. अमेरिकेतल्या स्यूडॅनोफ्थाल्मस या एका वंशात दीडशेच्या आसपास प्रजाती, त्यांतल्या कित्येक एकाच गुहेपुरत्या. हे आकडे बघून दोन नियम तयार झाले. गुहावासी व्हायला चुनखडी लागते, कारण पाण्याने विरघळून खऱ्या गुहा तिथेच होतात. आणि हिमयुगाचा धक्का लागतो, म्हणून उष्ण प्रदेशात असे प्राणी नाहीत. या दोन नियमांपुढे महाराष्ट्राचा प्रश्न निकालातच निघाला: इथे काळा पाषाण आणि इथे ऊन. गुहावासी भुंगेऱ्यांच्या जगाच्या यादीत आपली पाटी जवळजवळ कोरी राहिली, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

हे दोन्ही नियम एकाच फटक्यात मोडले, आणि ज्या खडकाने मोडले तो बेसाल्टच होता. १९७१ मध्ये फ्रान्सिस हॉवर्थ या तरुण कीटकशास्त्रज्ञाने हवाई बेटावरच्या लाव्हानळ्या तपासल्या. लाव्हा वाहताना वरचा थर थिजतो, आतला वाहून जातो आणि मागे पोकळ नळी उरते, ती ही लाव्हानळी. उष्ण कटिबंध, ज्वालामुखीचा खडक, भर समुद्रात उगवलेलं कोवळं बेट. पुस्तकाप्रमाणे इथे काहीच मिळायला नको. हॉवर्थला डोळे गेलेले, रंग उडालेले कीटक आणि कोळी मिळाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट वयाची. यातल्या काही नळ्या जेमतेम काही शतकांच्या आहेत. एवढ्या अवधीत कोणाचे डोळे जात नाहीत, घराणी तयार होत नाहीत. म्हणजे हे प्राणी त्या नळीत घडलेले नाहीत. ते जुन्या लाव्हाच्या भेगांमधून नव्या लाव्हाच्या भेगांमध्ये सरकत आले. १९८० मध्ये फ्रान्समध्ये ज्युबर्ती आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डोंगरउतारावर मातीखाली दडलेल्या दगडगोट्यांच्या थरात सापळे पुरले. तिथे गुहा नाही, चुनखडीही नाही, तरी सापळ्यांत गुहेतले म्हणून ओळखले जाणारे भुंगेरे पडले. टेनेरिफ बेटावरच्या लाव्हानळ्यांमधून तर आंधळ्या भुंगेऱ्यांच्या प्रजातींमागून प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. या सगळ्याचा अर्थ एकच निघतो. भुंगेऱ्याचं घर खडकातल्या बोटभर आणि नखभर फटींचं जाळं हे आहे. गुहा म्हणजे त्या जाळ्यातली एवढी मोठी फट, की जिच्यात माणूस मावतो. विहीर खणली म्हणून पाणी तयार होत नाही. ते जमिनीत असतंच, विहीर आपल्याला ते दाखवते. गुहेचं आणि भुंगेऱ्याचं नातं तसंच आहे, आणि म्हणून गुहा नाही तिथे गुहावासी नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

मग आपल्या पायाखाली काय आहे ते पाहू. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, प्रवाहावर प्रवाह असा साचलेला. दुरून तो एकसंध काळा दिसतो, पण ज्यांनी विहिरी खणल्या आहेत त्यांना तो तसा कधीच वाटला नाही. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि खाली गेल्यावर पुन्हा मऊ थर, अशी त्यांची भाषा आहे, आणि भूगर्भशास्त्र तेच वेगळ्या शब्दांत सांगतं. प्रत्येक प्रवाहाच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहतात. मधला भाग घट्ट असतो, पण थंड होताना आक्रसून त्याला उभ्या भेगा पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब म्हणजे त्याच भेगांचं उघड्यावर आलेलं रूप. दोन प्रवाहांच्या मधे कुठे कुठे लाल मातीचा पट्टा सापडतो. विहिरीला झरा लागला म्हणतात तेव्हा यांपैकीच एखादी फट कापली गेलेली असते. पाणी जिथून चालतं तिथून हवा आणि कुजलेल्या पानांचा चुराही चालतो, आणि मिलिमीटरभर जाडीचा किडाही चालू शकतो. कान्हेरीची शंभरावर लेणी या दृष्टीने आपल्याला दिशाभूल करणारीच ठरतात. ती दोन हजार वर्षांची, माणसाने कोरलेली, तोंडं रुंद, आत उजेड आणि हवा खेळती. वटवाघळं तिथे सुखाने राहतील, पण दमट काळोखावर जगणारा भुंगेरा राहणार नाही. लेण्यांच्या महाराष्ट्रात गुहेतल्या प्राण्यांचा अभ्यास मागे का पडला, याचं एक कारण हेही असेल की गुहा म्हटली की आपली नजर शिल्पांकडे जाते.

एवढा वेळ मी जगाचे दाखले दिले, आता घरचे. २०२१ मध्ये रक्तामिक्थिस मुंबा या नावाने एका माशाचं वर्णन प्रसिद्ध झालं. वामेसारखा लांबोडा, तांबडा, डोळे नसलेला हा मासा जोगेश्वरीतल्या सुमारे चाळीस फूट खोल विहिरीत मिळाला. जोगेश्वरी म्हणजे मुंबईतली भर वस्ती, आणि खडक तोच, ज्याच्या दुसऱ्या टोकाला मानपाडा आहे. केरळात कोट्टायमच्या विहिरींतून आंधळा लाल मांगूर १९५० सालीच नोंदला गेला होता. पुढे तिथल्या अभ्यासकांनी गावोगावच्या लोकांना हाताशी धरलं, विहीर उपसताना किंवा नळातून जे निघेल ते कळवा असं सांगितलं, आणि २०२३ मध्ये त्याच वंशातली नवी प्रजाती जाहीर झाली, तिला लोकांच्याच नावाने ओळख मिळाली. पुण्याच्या नदीतून फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये वर्णन केलेला एवझार्डी हा बोटभर मासा घ्या. त्याच्याच गोत्रातले म्हणून धरलेले मासे छत्तीसगडच्या कोटमसर गुहेत आहेत, आणि त्यांचे डोळे बारीक होत चाललेत, रंग उडत चाललाय. नदीतल्या नेहमीच्या माशापासून गुहेतल्या माशापर्यंतची वाट अर्धी चालून झालेली तिथे बघायला मिळते. उष्ण कटिबंध आड आला नाही, हिमयुगही लागलं नाही.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो असा, की मासा म्हणजे भुंगेरा नव्हे. आक्षेप बरोबर आहे आणि तो झटकून टाकू नये. जोगेश्वरीच्या माशावरून एवढंच सिद्ध होतं की मुंबई-ठाण्याच्या खडकात पाण्याने भरलेल्या, एकमेकांना जोडलेल्या, पुरेशा जुन्या पोकळ्या आहेत आणि त्यांत एखाद्या मांसाहारी प्राण्याला पुरेल एवढं अन्न आहे. मासा हवा खाऊन जगत नाही; तो जे खातो ते किरकोळ जीव तिथे असणारच. त्यांत भुंगेरे असतीलच असं मात्र नाही. इथे पश्चिम ऑस्ट्रेलिया उपयोगी पडतो. तिथल्या वाळवंटाखाली चुन्याच्या कठीण थरांमध्ये पाणी साठलेलं आहे. शेतकऱ्यांच्या विहिरी आणि खाणवाल्यांनी पाडलेली बोअर यांतून जाळी सोडून तिथल्या अभ्यासकांनी पाणभुंगेरे वर काढले: आंधळे, पंख नसलेले, आणि शंभराच्या आसपास प्रजातींचे. जवळजवळ प्रत्येक थराची प्रजाती वेगळी, कारण एका थरातून दुसऱ्यात जायला वाट नाही. जनुकांवरून असं दिसतं की प्रदेश कोरडा पडत गेला तसे पृष्ठभागावरच्या डबक्यांमधले भुंगेरे काही दशलक्ष वर्षांपूर्वी वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे खाली गेले. म्हणजे ढकलणारी गोष्ट थंडीच असावी लागते असं नाही, कोरड पुरते. आपल्याकडे ती कोरड दरसाल येते. दिवाळीनंतर उद्यानाच्या ठाण्याकडच्या, येऊरच्या उतारावरची ओल खाली खाली जाते आणि पाचोळ्यातले बारीक जीव तिच्यामागे जमिनीत उतरतात. त्यांतले काही कायमचे खालीच राहिले असतील, हे माझं अनुमान आहे. पण ते तपासता येण्याजोगं अनुमान आहे.

दुसरा आक्षेप: इतकी वर्षं सापडला नाही, म्हणजे नसणार. असं म्हणायला आधी शोधलेलं असावं लागतं. भारतात गुहेचा पहिला पद्धतशीर शोध १९२२ मध्ये झाला. इंडियन म्युझियमचे स्टॅनले केम्प आणि चोप्रा हे मेघालयातल्या गारो टेकड्यांमधल्या सिजू गुहेत उतरले; १९२४ मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. शंभरावर प्रकारचे प्राणी मिळाले, अस्सल गुहावासी मात्र मोजके. भारतातल्या गुहा या बाबतीत दरिद्री, असा सूर त्यानंतर लागला. पण त्याच मेघालयातून २००७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नवे गुहावासी मासे जाहीर झाले, आणि दुसरा तर इतका मोठा, की चुकून नजरेतून सुटावा असा तो नाहीच. आपल्या सीमाभागातलं उदाहरण अधिक बोलकं आहे. खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतून रॉटनचं वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्राला कळलं. (हा रॉटन मुंबई इलाख्यातला वनाधिकारी, मूळचा नाद मुंग्यांचा.) त्यानंतर अनेक दशकं जगात ही एकच वसाहत, असं मानलं जात होतं. या शतकाच्या उंबरठ्यावर तेच वटवाघूळ कंबोडियात आणि मेघालयात मिळालं. वटवाघूळ हातभर पंखांचा, उडणारा, सस्तन प्राणी. त्याच्याबाबतीत ही तऱ्हा, तर चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्याबद्दल ‘सापडला नाही’ या वाक्याला किती वजन द्यायचं? भारतातल्या भूभुंगेऱ्यांवरचे अँड्र्यूजचे दोन खंड १९२९ आणि १९३५ चे आहेत आणि ते आजही आधारग्रंथ आहेत. त्यांतला मालमसाला जंगलात, शेतात, दगडाखाली वेचलेला. विहिरीत जाळी सोडून मिळवलेला माल त्या काळी कुणी मागितलाच नव्हता.

तिसरा आक्षेप उष्णतेचा, आणि तो मला सर्वांत सबळ वाटतो. पिरेनीजच्या अतिविशेषित भुंगेऱ्यांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं की वीस अंशांपर्यंत ते तग धरतात, पंचवीसच्या वर काही दिवसांत मरतात. जमिनीखालचं तापमान त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरीइतकं असतं. ठाण्यात ते सत्तावीस अंशांच्या घरात जाईल. म्हणजे झानेलच्या कुळातले भुंगेरे इथे शोधणं व्यर्थ आहे, हे कबूल. पण हवाईच्या नळ्या, केरळच्या विहिरी आणि ऑस्ट्रेलियाचं वाळवंट या गार जागा नव्हेत. चीनमध्ये गुआंगशीतल्या गुहेतून २०१८ मध्ये जो क्स्युएडाइट्स हा भुंगेरा जाहीर झाला, तो तर लांबोळ्या मानेचा, काटकुळ्या पायांचा, गुहेसाठी घडण्याच्या बाबतीत युरोपियनांनाही मागे टाकणारा. आणि तो प्रदेश कर्कवृत्ताच्या आसपासचा आहे. यावरून एवढाच निष्कर्ष काढावा की इथे काही असेल तर ते इथल्याच पाचोळ्यातल्या आणि इथल्याच डबक्यांतल्या कुळांचं असेल. डार्विनचा तो दुसरा मुद्दा इथेही आपल्या बाजूने उभा आहे.

आणि मग नेहमीचा प्रश्न: एवढं करून उपयोग काय? विहिरींच्या काठावर राहणाऱ्या माणसांना खरं तर हा प्रश्न पडू नये. जमिनीतल्या पाण्यात जे जीव असतात ते कुजका चुरा आणि जिवाणूंचे थर खाऊन फटी मोकळ्या ठेवतात, आणि पाणी बिघडलं की पहिल्यांदा तेच नाहीसे होतात. आपल्याच तालुक्यांत दोन मानपाडे आहेत: घोडबंदर रस्त्यावरचं हे, डोंगराला टेकलेलं, आणि कल्याण-शीळ रस्त्यालगतचं डोंबिवलीचं, कारखान्यांना टेकलेलं. दोन्हीकडच्या जुन्या विहिरींतून एकाच पद्धतीने जाळी ओढली, तर रासायनिक चाचणीला एका दिवसाचं पाणी दिसतं तिथे या जिवांच्या यादीत कित्येक वर्षांचं पाणी दिसेल. प्रसिद्धीचा मात्र धोकाही आहे. स्लोव्हेनियातल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३७ मध्ये शाइबेल नावाच्या संग्राहकाने हिटलरचं नाव दिलं. नामकरणाच्या नियमांमुळे ते नाव बदलता येत नाही आणि आज नाझी वस्तूंचे शौकीन त्या बिचाऱ्याला पैसे मोजून विकत घेतात. विहिरीचा नेमका पत्ता छापताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

शेवटी बोगद्याकडे वळतो. बोगदा खणणारं यंत्र पुढे खडक कापतं आणि मागोमाग काँक्रीटच्या कड्या बसवत जातं, त्यामुळे त्या भिंतीत कोणाला हात घालता येणार नाही, असं म्हणता येईल. ते खरं आहे. पण प्रत्येक मोठ्या बोगद्याआधी खडक तपासायला बोअर पाडतात, भूजलाची पातळी मोजायला नळ्या ठेवतात, खड्ड्यांत झिरपणारं पाणी पंपाने उपसतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्यावरण परवानगीसाठी भूमिगत प्राण्यांची पाहणी कशी करावी, याच्या मार्गदर्शक सूचना २००३ पासून आहेत, आणि तिथलं बहुतेक ज्ञान अशाच खाणवाल्यांच्या नळ्यांतून वर आलेलं आहे. साधनं म्हणाल तर फार काही लागत नाही. केसाहून बारीक विणीची, खाली वजन आणि बाटली लावलेली जाळी नळीत तळापर्यंत सोडायची, तळ थोडा ढवळायचा, हळूहळू वर ओढायची. कोरड्या भागासाठी भोकं पाडलेली नळी मुरमाच्या थरात उभी पुरून तिच्या तळाशी सापळा ठेवायचा. आमिष उग्र वासाचं लागतं. युरोपात जुनं चीज वापरतात, आपल्याकडे सुकट काही वाईट नाही. जे पडेल ते पंच्याण्णव टक्के अल्कोहोलमध्ये, कारण नंतर जनुकं वाचायची असतात. ठाण्याचं बांदोडकर महाविद्यालय आणि कल्याणचं बिर्ला महाविद्यालय इथे प्राणिशास्त्र शिकवलं जातं. ओळख पटवायला आणि नमुना जतन करायला पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे.

काहीच सापडलं नाही तर? तर तेही छापावं: कोणती विहीर, किती खोल, पाण्याचं तापमान किती, सापळा किती रात्री होता. आज ‘इथे गुहावासी भुंगेरे नाहीत’ असं म्हणणाऱ्याच्या हातात आणि ‘असतील’ म्हणणाऱ्या माझ्या हातातही असा एक तक्ता नाही. दोघेही दुसऱ्या देशांतल्या खडकांवरून बोलतो आहोत. बोगद्याचं अस्तर पुरं झालं की उपसा थांबेल आणि त्या नळ्या बुजवल्या जातील, म्हणून तो तक्ता भरायला सुरुवात करायची तर ती याच दोन-तीन पावसाळ्यांत करावी लागेल.